फळ नसलेल्या वेलीखाली

फुलोऱ्यातल्या बागेवर अवकाळी कोसळून गेला. कवठे महांकाळच्या या दुष्काळी रानात वर्षभर पावसाची वाट बघायची आणि तो नेमका नको तेव्हा यायचा! सकाळी वेलीखाली गेले, तर घडांना कूज लागलेली. हात लावला की कळ्या गळून तळहातावर. सोसायटीचं कर्ज डोळ्यांपुढे. तरी रात्री पेटी निघाली, भजन झालं. वेलीला फळ नसतानाही बायबलमधला हबक्कूक संदेष्टा देवाठायी हर्ष करतो. द्राक्षवाल्याला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. गमावणं कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनाही चुकलं नाही: त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दुरावल्या. त्याच टिळकांची गीतं आम्ही आजही उपासनेत गातो. स्तुतीने गळालेले घड परत येत नाहीत. पण गाताना माझी भीती देवाच्या स्वाधीन होते, हे मी अनुभवलंय. उद्या पहाटे फवारणी आहे, ट्रॅक्टर सांगून ठेवलाय.