जितके रुपये मण

जितके रुपये मण, तितक्या आण्यांना अडीच शेर. एवढं एक सूत्र तोंडात असलं की गुळाच्या अडतीत बसणाऱ्याला कागद लागत नसे. मणाचे शेर चाळीस, रुपयाचे आणे सोळा. चाळिसाला सोळानं भागलं की अडीच. गूळ अठरा रुपये मण असेल तर अडीच शेर अठरा आण्यांना, बावीस रुपये असेल तर बावीस आण्यांना. उलट्या बाजूनं आलात तर शेराला जितके आणे, त्याची अडीचकी म्हणजे मणाचे रुपये. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी सगळी फौज दिवेलागणीच्या परवच्यात आमच्याकडून म्हणवून घेत, ती उगाच नव्हे. साडेतीनचा पाढा कशाला पाठ करायचा, असं तेव्हा कुणाच्या मनातही येत नसे. केळी डझनाला नऊ आणे म्हटली की एक केळं नऊ पैला, कारण आण्याच्या पै बारा. वजनंमापं आणि नाणी यांच्यातच हिशेब मुरलेला होता. आपण फक्त तो उचलायचा.

माझे थोरले चुलते, आप्पा, कराडात एका अडतीत दिवाणजी होते. गुऱ्हाळांच्या हंगामात पाटण, मसूर, काल्याकडून गुळाच्या बैलगाड्या येत. पेठेत बैलांच्या शेणाचा आणि गुळाचा मिळून एक वास असे. मी नुकता बिगरीतून पहिलीत गेलो होतो. शाळा सुटली की अडतीत जाऊन गादीच्या कडेला बसायचं आणि ढेपेचा फुटका तुकडा चघळायचा, एवढाच माझा उद्योग. काट्यावर तोलणारा वजन पुकारी. आप्पा मान वर न करता ऐकत, मग टाक खाली ठेवत आणि शेतकऱ्याकडे वळत.

“ऐका पाव्हणं. तेरा मण, साडेसतरा शेर. भाव अठरा. तेरा मणांचं दोनशे चौतीस. ऱ्हायलं साडेसतरा शेर, म्हंजे सात अडीच. सात अठरं सव्वीसासे आणं. आठ रुपयाला दोन आणं कमी. सात रुपयं चौदा आणं. एकूण दोनशे एकेचाळीस, चौदा आणं. आलं ध्यानात?”

शेतकरी बोटांची पेरं मोजत राही. कधी म्हणे, पुन्हा सांगा. आप्पा पुन्हा सांगत, त्याच चालीत, त्याच ठिकाणी थांबून. मगच आकडा वहीत चढे. मग अडत, हमाली, तोलाई यांची वजावट, तीही तोंडानंच. मालकांना ही सवय फारशी रुचत नसावी. गिऱ्हाईक खोळंबतं, असं ते म्हणत.

त्या काळाचे मला उगाच गोडवे गायचे नाहीत. ज्याला अडीचकी येत नव्हती तो अडतीच्या पायरीवर निम्मा नागडाच असे. कुणी शेरांचा हिशेब झटक्यात सांगून दोन-चार आणे गिळले तर त्याला कळायला मार्ग नव्हता. चलाख दिवाणजीच्या हातात तेच सूत्र सुरीसारखं चाले. आप्पांचं वेगळेपण पाठांतरात नव्हतं. पाढे तर सगळ्याच दिवाणज्यांना येत. हे मोठ्यानं बोलत, एवढंच.

१ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. आण्याचे सव्वासहा पैसे होतात, पण पाव पैशाचं नाणं कुठून आणायचं? म्हणून एक आण्याला सहा नवे पैसे, दोनला बारा, तीनला एकोणीस, चारला पंचवीस. आण्याआण्यानं चार वेळा मोड घेतली तर चोवीसच पैसे हातात, हे आप्पांनी पहिल्याच दिवशी हेरलं आणि येईल त्याला ते बजावून सांगू लागले. पुढे किलो आणि क्विंटल आले. १९६२ च्या एप्रिलपासून शेर-मण कायद्यानंच हद्दपार झाले. शेतकऱ्याचं भलंच झालं. क्विंटलचा भाव ऐकला की दोन घरं मागं सरकून कुणीही किलोचा भाव सांगावा. आप्पांनी तीही वजनं महिनाभरात आपलीशी केली, पण सांगण्यासारखं काही उरलं नाही. “आता नुसती शून्यं सरकवायची,” असं एकदा घरी जेवताना म्हणाले आणि ताक मागितलं.

शेवटी शेवटी त्यांना लकवा झाला. उजवा हात गेला, वाचाही गेली. चुलतीचं नाव ओठावर येईना, मला पाहून हात हलवत आणि चिडत. पण कुणी “एक अडीच” म्हणून सुरू करून दिलं की पुढचं धाडधाड येई. अडीच, पाच, साडेसात, दहा, साडेबारा. औटकीही तशीच, पस्तिसापर्यंत. डॉक्टर म्हणाले, लहानपणी पाठ केलेलं असं पुष्कळांचं मागं राहतं. घरातल्या सगळ्यांना त्याचा फार आनंद झाला होता. मलाही. मग एका दुपारी मी त्यांना विचारलं, “आप्पा, अठरा रुपये मण, तर साडेसतरा शेराचे किती?” ते माझ्याकडे बघत राहिले. मी “एक अडीच” म्हटलं. ते पंचविसापर्यंत न चुकता गेले आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. पाढा होता, हिशेब गेला होता. मी परत कधी विचारलं नाही.

चार आण्याचं नाणं २०११ च्या जूनअखेर चलनातून गेलं, ते बघायला आप्पा नव्हते.

जमिनीनं मात्र दशमान मनावर घेतलं नाही. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर लिहितात, बोलताना कराडकर एकर आणि गुंठाच म्हणतो. एकराचे गुंठे चाळीस, मणाच्या शेरांइतकेच. आणि हल्ली आमच्या भागातल्या प्रत्येक ऊसवाल्याच्या तोंडी असलेलं ‘एकरी शंभर टन’ म्हणजे गुंठ्याला बरोबर अडीच टन. अडीचकी अजून शिवारात उभी आहे, तिला कुणी बोलवत नाही इतकंच.

आप्पांचा नातू ऊस लावतो. मागच्या हंगामात त्याच्या पंचवीस गुंठ्यांतून साठ टन गेला. एकरी किती पडला म्हणून तो मोबाईल काढू लागला. माझ्या तोंडून आपोआप निघालं, “पंचवीस अडीच साडेबासष्ट. तुला अडीच टन कमी. पंचवीस गुंठ्यांत अडीच, तर एकरात चार. शंभराला चार कमी, शहाण्णव.” तेवढ्यात त्याचंही उत्तर आलं होतं. त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला, शहाण्णवच. मग हसून म्हणाला, “काका, पर हे तोंडानं कशाला सांगायचं? कारखान्याचा मेसेज येतोय की.”