गळती मोजणारे आजोबा

(तृतीय वर्ष, कला)

नगरच्या ख्रिस्ती मंडळीत माझी ओळख अजूनही 'धरणवाल्यांची नात' अशीच करून दिली जाते. आमच्या शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. पण उपासनेनंतर 'सलाम' करून विचारपूस करणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ते नगरच आहे, आणि आजोबा गेल्याला तीन वर्षे होऊनही मी धरणवाल्यांचीच नात आहे. ही ओळख मला आवडते. ती का आवडते, ते सांगण्यासाठीच हा लेख.

आजोबांचा जन्म १९३५ चा. ज्या गावात १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' सुरू झाला आणि जिथे रेव्हरंड टिळकांची पदे पेटी-तबल्यावर घरोघर म्हटली जात, तिथे ते वाढले. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. आजोबा स्थापत्याची पदविका घेऊन १९५८ साली कोयनेच्या कामावर ओव्हरसियर म्हणून लागले. एरवी पूर्वेकडे कऱ्हाडला कृष्णेस मिळणारी कोयना अडवायची, तिचे पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटात न्यायचे, पश्चिमेला पोफळीच्या बाजूस खाली सोडायचे आणि त्या उडीतून वीज काढायची, हे सारे ते ताटातल्या आमटीत भाताचा बांध घालून मला समजावत. आजी ओरडायची, पण भात फुटेपर्यंत आमचे धरण चालायचे.

आजोबांचा जीव मात्र विजेपेक्षा धरणाच्या पोटातल्या गॅलरीत अधिक होता. गॅलरी म्हणजे बांधाच्या आतून जाणारी अरुंद, ओलसर वाट. धरणातून झिरपलेले पाणी तिथल्या नालीत येते आणि इंग्रजी 'व्ही'च्या आकाराच्या खाचेवरून वाहते. खाचेवर पाणी किती उंच चढले, ते मोजले की गळती कळते. "धरण गळतेच, बाळ," ते म्हणत. "न गळणारे धरण अजून कुणी बांधले नाही. काल होते तेवढेच आज असले तर खुशाल झोपावे. एकाएकी वाढले तर झोप उडाली पाहिजे, आणि एकाएकी थांबले तरीही उडाली पाहिजे." थांबले तर चांगलेच की, असे मी म्हटल्यावर ते हसत. "पाणी थांबत नसते. वाट बुजलेली असते, आणि आत दाब वाढत असतो."

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चारच्या सुमारास कोयनेचा भूकंप झाला. तीव्रता सुमारे साडेसहा. दख्खनचा पाषाण म्हणजे स्थिर, असे तोवर सारे मानीत आले होते. कोयनानगरची घरे कोसळली. दीडशेहून अधिक माणसे गेली. आजी माझ्या आत्याला छातीशी धरून अंगणात आली आणि मागे भिंत पडली. शेजारच्या खोलीतले नवरा-बायको मात्र बाहेर आले नाहीत. आजोबांनी उजाडेपर्यंत हातांनी दगड उपसले. मग त्याच कपड्यांनी ते धरणावर गेले.

धरण उभे होते; पण वरच्या भागात, जिथे मागच्या बाजूचा उतार बदलतो त्या उंचीच्या आसपास, आडव्या भेगा पडल्या होत्या. पुढे त्या बुजवून मागून मोठे आधार बांधले गेले. आजोबांची त्यानंतरची कित्येक वर्षे त्या कामात गेली.

पण मला सांगायची ती गोष्ट नगरची आहे. त्या नाताळात आजोबा सुट्टीवर आले, तेव्हा मंडळीने उपकारस्तुतीची उपासना ठेवली. आमचा माणूस वाचला आणि धरणही वाचले, म्हणून आजोबांनी साक्ष द्यावी, असे ठरले. खडकावर बांधलेल्या घराचा दाखला पाळकसाहेबांनी वाचला. आजोबा उभे राहिले. आजी सांगते, ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "खडकही हलतो, मी पाहिले आहे. देवाने धरण वाचवले असे मी म्हणू शकत नाही. कारण मग शेजारच्या खोलीत तो का गेला नाही, हेही मला सांगावे लागेल. ते मला ठाऊक नाही." एवढे बोलून ते खाली बसले.

देवळात शांतता पसरली. काहींना राग आला. पुढे वर्षभर दोन घरांनी आजोबांशी बोलणे टाकले. आजोबांनी ना माफी मागितली, ना वाद घातला. पुढच्या रविवारी ते नेहमीच्या बाकावर बसून पहिल्यासारखेच मोठ्याने गायले.

त्यांची श्रद्धा गेली, असे तेव्हा कुणाला वाटले असेल. मी पाहिली ती मात्र उलट गोष्ट. मी लहानपणी त्यांच्या खोलीत झोपत असे. रोज पहाटे ते उठून बसत आणि प्रार्थनेच्या शेवटी दोन नावे घेत. पुढे काही मागत नसत, काही विचारतही नसत. फक्त नावे. पन्नासहून अधिक वर्षे त्यांनी ती घेतली. मोठेपणी आजीकडून कळले, ती नावे शेजारच्या त्या खोलीतली.

निवृत्तीनंतर ते देवळाचे वडील झाले, म्हणजे खरे तर देवळाच्या छपराचे राखणदार. पहिल्या पावसात सारे भजी खात असत, तेव्हा आजोबा छत्री घेऊन देवळात. कुठे किती ठिबकले, किती कौले बदलली, हे सारे एका निळ्या वहीत उतरवलेले. एकदा नाताळापूर्वी भिंती रंगवायच्या ठरल्या, तेव्हा तुळईला वाळवी आहे म्हणून त्यांनी खर्चावर सही करायचे नाकारले. नाताळ रंगाविना झाला, तुळई बदलली गेली.

घरात हाच मापाचा हिशेब. माझा ताप, माझी उंची, माझे पहिले वाचलेले पुस्तक, सगळ्याला वहीत तारीख. मी कलाशाखा घेतली तेव्हा नातेवाईक हळहळले. आजोबांनी एवढेच विचारले, "रोज किती पाने वाचतेस?" मी सांगितले. त्यांनी लिहून घेतले. पुढे दर महिन्याला तोच प्रश्न. कौतुक नाही, उपदेशही नाही. आपल्याकडे कुणीतरी रोज लक्ष देऊन पाहत आहे, हे माणसाला किती पुरते, ते मला त्या प्रश्नाने शिकवले.

पुष्कळांना श्रद्धा म्हणजे न गळणारी भिंत वाटते. आजोबांच्या भिंतीला भेग होती, आणि ती त्यांनी चारचौघांत दाखवली. पण रोज पहाटे उठून ते खाचेवरचे पाणी पाहत राहिले. वाट बुजू दिली नाही, म्हणूनच आत दाब साठला नाही.

यंदा जूनमध्ये मंडळीतली तरुण मुले छपरावर चढली. चौदा कौले बदलली. वही माझ्याकडे आहे. तारीख घालून मी तेवढे लिहून ठेवले.