कोंडलेला वायू

आमच्या अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील कित्येक स्वयंपाकघरांत हल्ली नळाने वायू येतो. शेगडीवरील ती निळी ज्योत किती सौम्य दिसते! परंतु हाच वायू भूगर्भात असताना किती उग्र असू शकतो, हे आमच्या विद्यार्थ्यांनी जाणून घेण्याजोगे आहे.

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, १९७४ साली तेलाचा जो मोठा साठा सापडला, तो मुख्यत्वे चुनखडकात आहे. पूर्व किनाऱ्यावर गोदावरीच्या मुखाशी मात्र वायू वालुकाश्मात सापडतो, आणि कित्येक ठिकाणी तो विलक्षण दाबाखाली असतो. हा दाब येतो कोठून?

वालुकाश्म म्हणजे घट्ट झालेली वाळू. तिच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असून त्यांत पाणी असते. वरच्या थरांचे ओझे कणांनी सोसावयाचे आणि पाण्याने हळूहळू वाट काढून निघून जावयाचे, असा निसर्गाचा क्रम आहे. अशा स्थितीत दर दहा मीटर खोलीस साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे ३००० मीटरवर सुमारे ३००. परंतु नदीने गाळ फार वेगाने आणून टाकला, तर चिकणमाती दडपली जाऊन वाटा बुजतात. पाणी आतच अडकते व कणांचे ओझे त्यालाही वाहावे लागते. खडक पाण्याहून दुपटीपेक्षा जड असल्यामुळे दाब मग नेहमीच्या दुपटीजवळही जाऊ शकतो. पुढे खोलवरच्या कुजलेल्या जीवांशांपासून झालेला वायू त्या वाळूत शिरतो आणि वरच्या मातीच्या झाकणाखाली कोंडून राहतो.

अशा थरात विहीर खणताना बराइटची पूड मिसळलेला जड चिखल भोकात भरून दाबास दाबाने तोलावे लागते. चिखल हलका पडल्यास वायू उसळतो; फार जड झाल्यास खडकच फुटतो. १९९५ च्या जानेवारीत गोदावरीकाठच्या पासरलापुडी येथे असाच वायू विहिरीतून उसळून पेटला, आणि ती आग विझण्यास मार्च उजाडला. आसपासच्या लोकांस घरेदारे सोडून जावे लागले.

विद्यार्थ्यांच्या पालकांस येथे आमची एक विनंती आहे. ओझे वाईट नव्हे. ओझ्यावाचून वाळूचा दगड होत नाही. परंतु शाळा, शिकवणी, परीक्षा यांचे थर मुलावर इतक्या घाईने रचू नयेत की, मनातले बोलावयास त्याला वाटच उरू नये. भूगर्भशास्त्रज्ञ वरून शांत दिसणाऱ्या जमिनीवर विसंबत नाहीत. ते आतील दाबाचा अंदाज आधी घेतात. रोज सायंकाळी मुलाजवळ घटकाभर बसून त्याचे बोलणे ऐकून घेतले, तर तोच अंदाज घरबसल्या घेता येतो.