नातवाचं प्रो कार्ड आणि माझा एक जुना शेरा



या ग्रुपवर वाड्यांच्या, शाळांच्या, गणपतींच्या आठवणी वाचतो. आज माझी एक लिहितो. थोडी लांबेल, सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझा नातू, मुलीचा मुलगा, वय २३, संध्याकाळी घरी आला. चहा झाला, पोहे झाले, तरी उठेना. शेवटी म्हणाला, "आजोबा, तुमची एक एफडी मोडता येईल का? साडेतीन लाख हवेत. मला प्रो कार्ड काढायचंय."

मी म्हटलं, "कुठल्या बँकेचं?"

तो हसला, मी नाही. मला खरंच कळलं नव्हतं. पोरगा बी.कॉम. झालाय, एका जिममध्ये ट्रेनर आहे, शरीर कमावलंय, एवढं माहीत होतं. हे कार्ड म्हणजे मिस्टर ऑलिंपियाच्या जिन्याची पहिली पायरी, हे त्या दिवशी कळलं.

बँकेत ३६ वर्षं काढलेला माणूस तोंडी मागणीवर पैसे देत नाही. म्हटलं, "रीतसर प्रपोजल लिहून आण. कुठून सुरुवात, कुठे पोचायचं, मध्ये काय काय, खर्च किती, धोका काय." आठ दिवसांनी खरंच चार पानं लिहून आणली. त्या चार पानांवर आम्ही आजोबा-नातू महिनाभर बसलो. मला समजलं ते असं.

ही स्पर्धा जो वायडरने १९६५ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलीनमध्ये सुरू केली. मिस्टर युनिव्हर्ससारखे किताब मिळवून झालेल्यांना पुढे काही उरत नव्हतं, त्यांच्यासाठी. पहिला विजेता लॅरी स्कॉट. तेव्हा पात्रतेची एवढी भानगडच नव्हती. १९६८ ला सर्जिओ ओलिव्हा आणि १९७१ ला आर्नोल्ड श्वार्झनेगर समोर कुणी प्रतिस्पर्धीच नसताना जिंकले. आमच्या भाषेत, एकच टेंडर आलं आणि तेच मंजूर झालं.

आता तसं नाही. आधी हौशी गटात खेळायचं. अमेरिकेत स्थानिक स्पर्धा, मग राष्ट्रीय पातळीची, आणि तिथे अगदी वरच्या नंबरांना प्रो कार्ड. बाकीच्या देशांतल्या मुलांसाठी प्रो क्वालिफायर नावाच्या स्पर्धा असतात, मुंबईतही झाल्यात. गटात पहिला आलास तरी पुरत नाही, बऱ्याच ठिकाणी सगळ्या गटांचे विजेते पुन्हा एकमेकांसमोर उभे करतात आणि त्यातून कार्ड देतात.

इथे मी पहिला प्रश्न विचारला, "कार्ड देणार कोण?" कारण आयएफबीबी या एकाच नावाखाली २०१७ नंतर दोन दुकानं झालीत. प्रो लीग वेगळी झाली आणि जुन्या संस्थेने एलिट प्रो नावाचं स्वतःचं कार्ड काढलं. ऑलिंपियाला चालतं ते प्रो लीगचं. म्हणजे चेकवर सही बरोबर, पण खातं दुसऱ्याच बँकेत. नातू म्हणाला, "आजोबा, हे आमच्या जिममध्ये पण निम्म्यांना माहीत नाही."

कार्ड मिळालं की झालं असंही नाही. ते फक्त दार उघडतं, वर त्याची वार्षिक फी. मग व्यावसायिक स्पर्धा खेळायच्या. न्यूयॉर्क प्रो किंवा ओहायोतली आर्नोल्ड क्लासिक अशांपैकी एक जिंकलात की त्या हंगामाच्या ऑलिंपियात थेट प्रवेश. हंगामाला शेवटची तारीख असते, त्यानंतरचा विजय पुढच्या वर्षात धरतात, आपल्या ३१ मार्चसारखं. आदल्या वर्षी ऑलिंपियात पहिल्या काही नंबरांत आलेल्यांना पुन्हा पात्र व्हावं लागत नाही. जिंकता न आलेल्यांसाठी कधी गुणांची पद्धत असते, दुसऱ्या-तिसऱ्या नंबराचे गुण साठवत जायचे आणि शेवटी सर्वाधिक गुणवाल्या मोजक्यांना घ्यायचं. कधी तीही बंद करतात. नियम बदलत राहतात, सर्क्युलर वाचत राहावं लागतं. आणि हे सगळं प्रत्येक विभागाला वेगळं. ओपनला वजनाची मर्यादा नाही, २१२ पौंडांचा, म्हणजे साधारण ९६ किलोंपर्यंतचा एक विभाग, क्लासिक फिजिकला उंचीप्रमाणे वजन, आणि आमचा पठ्ठ्या ज्यात होता तो मेन्स फिजिक, गुडघ्यापर्यंतची चड्डी घालून उभं राहायचं.

निकालाची पद्धत मात्र मला आवडली. प्रत्येक जज क्रमांक देतो, टोकाचे आकडे सोडून बाकीच्यांची बेरीज करतात, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो पहिला. देणं कमी तो मोठा.

नातवाच्या प्रपोजलात उदाहरण होतं बिग रॅमीचं. इजिप्तचा मासेमार, कुवेतला गेला, २०१२ ला तिथल्या ॲमॅच्युअर ऑलिंपियात कार्ड मिळवलं, २०१३ ला पहिलीच व्यावसायिक स्पर्धा न्यूयॉर्क प्रो जिंकून ऑलिंपियात. २०२० ला तर पात्रता हुकली होती, कोरोनाने एक स्पर्धा गेली. आयोजकांनी खास निमंत्रण दिलं आणि त्या वर्षी तोच मिस्टर ऑलिंपिया झाला. नातू डोळे मोठे करून सांगत होता.

मी माझं उदाहरण काढलं, रॉनी कोलमन. आपल्यासारखाच अकाउंट्सवाला, पदवी अकाउंटिंगची. नोकरी मिळेना म्हणून पिझ्झाच्या दुकानात लागला, मग टेक्ससमध्ये पोलीस. १९९१ ला हौशी जागतिक स्पर्धा जिंकून कार्ड, १९९२ ला पहिला ऑलिंपिया, १९९७ ला नववा, १९९८ ला पहिला, आणि मग सलग आठ वेळा. नातू म्हणाला, "बघा!" मी म्हटलं, "पुढचं पण बघ. पाठीच्या किती शस्त्रक्रिया झाल्या आणि आज त्याला चालायला काय लागतं ते." तो गप्प.

मग मी चौथं पान उलटलं. आहार, कोच, प्रवास, फी, अंगाला लावायचा रंगसुद्धा होता. एक ओळ नव्हती. विचारलं, "औषधांचा खर्च कुठे दाखवलास?"

बराच वेळ पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "आजोबा, खोटं नाही बोलणार. अजून काही घेतलेलं नाही. पण वर जायचं तर घ्यावं लागतं, सगळे म्हणतात."

कर्जाच्या अर्जात देणी लपवली की आम्ही फाइल परत पाठवत असू. याने लपवलं नाही, हे खरं. पण मीही तोवर वाचलं होतं. मोहम्मद बेनाझिझा १९९२ ला हॉलंडमधली स्पर्धा जिंकला आणि काही तासांत गेला. आंद्रेयास म्युन्झर १९९६ ला गेला, वय ३१. २०१८ चा विजेता शॉन रोडन २०२१ ला ४६ व्या वर्षी गेला. प्रत्येकाचं कारण एकच असेल असं मी म्हणत नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि झोप न लागण्याचं दुसरंही कारण होतं. तेच सांगायला खरं म्हणजे हे लिहितोय.

मंडळी, १९६६ पासून पाच-सहा वर्षं मी जुम्मादादा व्यायाम मंदिरात जात होतो. प्रोफेसर माणिकरावांचं नाव तेव्हा तिथे देवासारखं घेत. मल्लखांब, जोर, बैठका, लेझीम. आरशात बघून शरीर दाखवणं तिथे बसत नव्हतं, पण आम्हा दोघा मित्रांना त्याचंच वेड. रद्दीवाल्याकडून इंग्रजी मासिकं आणून आम्ही पोझ करायचो. मी बी.कॉम. होऊन बँकेत लागलो. तो लागला नाही कुठे.

१९८३ ला मी फील्ड ऑफिसर असताना तो माझ्या टेबलापुढे येऊन बसला. जिम काढायची, १८,००० रुपये कर्ज. तारण नाही, जामीनदार नाही. मी त्याला साधा एक प्रश्नही विचारला नाही. मित्र म्हणून झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, या भीतीने फाइलवर लिहिलं, "शिफारस नाही." तो निरोप त्याला शिपायाकडून कळला. मी उठून बाहेरसुद्धा गेलो नाही. पुढच्या वर्षी तो बडोदं सोडून गेला. पुन्हा बोललो नाही.

नियमाने मी बरोबर होतो. आजही तसंच म्हणेन. पण अर्ज नाकारणं वेगळं आणि माणसाशी न बोलता नाकारणं वेगळं, हे कळायला मला नातू लागला.

म्हणून याच्याशी बोललो. रोज. शेवटी ठरलं ते असं: एफडी मोडणार नाही. माझ्या पेन्शनमधून मुंबईच्या एका क्वालिफायरचा खर्च देणार. औषध न घेता उभं राहायचं आणि दर तीन महिन्यांनी रक्ताचे रिपोर्ट मला दाखवायचे. लिव्हर, किडनी, लिपिड, सगळे. त्याने हात पुढे केला. त्याची आई मात्र महिनाभर माझ्याशी नीट बोलली नाही.

डिसेंबरात मीही गेलो मुंबईला. पोरं बघून थक्क झालो. आपला नातू नववा आला. परतीच्या गाडीत त्याने तीन वडापाव खाल्ले, चार महिन्यांनी पहिल्यांदा. सुरत गेल्यावर हळूच म्हणाला, "पहिले दोघं काय घेतात ते मला माहीत आहे, आजोबा." मी म्हटलं, "मग?" म्हणाला, "मग काही नाही." आणि खिडकीकडे तोंड करून झोपला.

पुढचं प्रपोजल अजून आलेलं नाही. येईल असं वाटतं. कुठल्या वाटेने जायचं हे त्याचं ठरत नाहीये आणि मीही ढकलत नाही. तिमाही रिपोर्ट या १५ तारखेला आहे. फाइल उघडी ठेवलीय.

त्या मित्राचं नाव इथे लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. आपल्या ग्रुपात सुरतेची, इंदूरची, बेळगावची पुष्कळ मंडळी आहेत. गड्या, वाचत असशील तर फोन कर. घर तेच आहे. १९८३ ला जे विचारायला हवं होतं ते विचारायचंय. आणि माझ्या नातवाला तुझ्याशी बोलायचंय.