ल्हासाची गाडी

सिव्हिलला ॲडमिशन घेतली तेव्हा मावशीने विचारलं होतं, "अगं, मुलीची जात, साईटवर उन्हात उभी राहणार का?" मावशी, उन्हाचं सोड, मी या जूनमध्ये बर्फावर बांधलेल्या रेल्वेतून जाऊन आले! (बाबांच्या पैशाने. पण ते असो.)

सेकंड इयरला सॉईलच्या सरांनी एकदा फळ्यावर 'पर्माफ्रॉस्ट' असा शब्द लिहिला आणि "आपल्याकडे हे परीक्षेला येत नाही" म्हणून लगेच पुसूनही टाकला. मला मात्र तो चिकटला. वर्षानुवर्षं गोठलेलीच राहणारी जमीन. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे याला मराठीत काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. मी 'बारमाही गोठण' असा शब्द पाडलाय, संपादकांनी तो खपवून घ्यावा. अशा जमिनीवर रूळ टाकायचे म्हणजे पंचाईत अशी, की वरचा थर उन्हाळ्यात वितळतो आणि भराव खचतो, हिवाळ्यात गोठतो आणि फुगतो. चीनने गोलमुड ते ल्हासा ही १,१४२ किलोमीटरची लाईन २००१ साली सुरू करून १ जुलै २००६ ला चालू केली. त्यातले साधारण ५५० किलोमीटर या गोठणीवरून जातात.

माझे बाबा दोन वर्षं नोकरीनिमित्त चेंगदूला आहेत. पेपर संपल्यावर मी तिकडे गेले आणि पहिल्याच दिवशी ल्हासाचं काढलं. बाबा म्हणाले, "विमानाने अडीच तासांत पोचतो." मी म्हटलं, "विमानातून जमीन दिसत नाही." दोन दिवसांनी त्यांनी रेल्वेची तिकिटं काढली. माझे बाबा फार बोलत नाहीत, करून टाकतात.

ल्हासाला परदेशी माणसाला उठलं आणि निघालं असं जाता येत नाही. चीनचा व्हिसा असला तरी तिबेटचं वेगळं परमिट लागतं, ते एजन्सीमार्फतच निघतं, आणि त्यासोबत गाईड, हॉटेल, गाडी सगळं आधी ठरलेलं असावं लागतं. आमच्या हॉस्टेलला रात्री उशिरा यायला रेक्टरची सही लागते ना, तसंच, फक्त इथे रेक्टर म्हणजे सरकार.

आम्ही शिनिंगहून गाडी पकडली. शिनिंगच २,२७५ मीटरवर, म्हणजे आपलं कळसूबाई (१,६४६) खालीच राहिलं. संध्याकाळी निघालो, पुढे एकवीस तास. बर्थजवळ ऑक्सिजनचं भोक असतं, त्यात नळी खुपसून नाकाला लावायची. शिवाय डब्याच्या हवेतही ऑक्सिजन सोडतात. पण विमानासारखा दाब मात्र वाढवत नाहीत. त्यामुळे आमच्या वेफर्सची पाकिटं उशीसारखी टम्म फुगली.

उजाडलं आणि मी खिडकीला जी चिकटले ती चिकटलेच. रुळांच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी नळ्यांच्या रांगा, जमिनीतून सरळ वर आलेल्या. हेच ते थर्मोसायफन! गंमत ऐका. बंद नळीत अमोनिया असतो. हिवाळ्यात वरची हवा जमिनीपेक्षा थंड असते. तेव्हा खालचा अमोनिया जमिनीतली उष्णता घेऊन वाफ होतो, वर येतो, थंड होऊन द्रव बनतो आणि परत खाली ओघळतो. उन्हाळ्यात वर गरम, खाली गार, म्हणून चक्र आपोआप थांबतं. उष्णता बाहेर जाऊ शकते, आत येऊ शकत नाही. ना पंप, ना वीज, ना ऑपरेटर. बाबांना हे मी दोनदा समजावलं. ते दुसऱ्यांदाही पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकत होते.

जिथे एवढ्यानेही भागणार नाही तिथे जमिनीचा नादच सोडलाय आणि पूल बांधलेत. छिंगश्वेई नदीवरचा तर ११.७ किलोमीटरचा आहे. खालून तिबेटी हरणं ये-जा करतात. तांगुला खिंडीत रूळ ५,०७२ मीटरवर जातात. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जरा वर. डब्यात एकाएकी सगळे गप्प झाले. बाबा डोळे मिटून बसले होते. मी विचारलं तर म्हणाले, "काही नाही, झोप झाली नाही."

ल्हासा ३,६५० मीटरवर आहे. पण घड्याळ बीजिंगचं! सबंध देशाला एकच वेळ, म्हणून ल्हासाचा सूर्य जवळजवळ दोन तास मागे चालतो आणि जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड राहतो. स्टेशनवर गाईड घ्यायला आली होती, तिबेटी, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. इंडियन आणि इंजिनिअरिंग हे दोन शब्द ऐकताच म्हणाली, "थ्री इडियट्स!" झाली मैत्री.

दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला सावकाश चालवलं. बारखोर म्हणजे जोखांग मंदिराभोवतीचा रस्ता. आत शिरताना पोलिसांची तपासणी, बॅगा मशीनमधून. मग सगळे प्रदक्षिणेच्या दिशेने चालतात. हातात जपमाळ, आमच्या शाळेतल्या सिस्टर रोझरीचे मणी ओढायच्या अगदी तशी. काहीजण पूर्ण लोटांगण घालत पुढे सरकतात, तळव्यांना लाकडी फळ्या बांधून. त्या फळ्या दगडावरून घासत जातात त्याचा आवाज अजून कानात आहे. चहाच्या दुकानात सुटे पैसे टेबलावर ठेवून बसायचं. बाई किटली घेऊन फिरते, ग्लास भरते, आपले पैसे उचलते. गोड, दुधाचा चहा! बाबांनी मात्र अर्धाच प्यायला. चहा टाकणारे बाबा मी कधी पाहिले नव्हते.

रात्री दोनला ते उलटी करायला उठले. डोकं फुटतंय म्हणाले. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आम्ही नेलं होतं. माझं ८७, त्यांचं ७६. मी परत लावलं. ७६. ऑक्सिजनचा छोटा डबा पाच-सात मिनिटांत संपला. आईला फोन करावा असं दहा वेळा वाटलं, केला नाही. ती सांगलीत बसून काय करणार? गाईडला उठवलं. तिने डॉक्टर आणला. त्याने छाती बराच वेळ तपासली आणि फुप्फुसात पाणी नाही म्हणाला. मोठं सिलिंडर लावलं. सकाळी आकडा ९१ वर आला. पण डॉक्टरचं म्हणणं स्पष्ट होतं, याला खरं औषध एकच, खाली उतरणं. आजच. गाईडने दुपारचं विमान मिळवलं.

आणि अकराची पोतालाची वेळ आमच्या नावावर होती. मी म्हटलं, राहू दे. बाबा नळीतूनच म्हणाले, "तू जा. मी कुठे पळतोय?" हॉटेलच्या काकूंनी खुणेनेच सांगितलं, मी बसते. गेले.

पोतालाच्या पायऱ्या मी नाही मोजल्या, श्वास मोजले. वीस पायऱ्या, थांबा. आत जेमतेम तासभर मिळतो, फोटो काढता येत नाहीत. पाचव्या दलाई लामांनी १६४५ साली हे बांधायला घेतलं, हजारावर खोल्या आहेत, लोण्याच्या दिव्यांचा वास भिंतींत मुरलाय. गाईड एकेक दलाई लामा सांगत होती. तेरावे १९३३ साली वारले, इथपर्यंत आली आणि पुढच्या खोलीत गेली. चौदावे १९५९ साली इथून निघून भारतात आले आणि धर्मशाळेत राहतात, हे मला माहीत होतं, तिलाही असणारच. आम्ही दोघी काही बोललो नाही. उतरताना तिने विचारलं, "तुझ्या कॉलेजातून बाहेर पडायला परमिट लागतं?" मी गेटपासचं सांगितलं. ती खूप हसली. मी रेल्वेचं कौतुक करायला सुरुवात केली होती, ते अर्ध्यावरच राहिलं. ती गाडी तिच्या गावात रोज येते आणि तिच्यातून कोणकोण, काय काय उतरतं, ते मी तिला काय सांगणार?

परत आले तेव्हा बाबा उशीला टेकून बसले होते. ९२.

चेंगदूला उतरलो तेव्हा ल्हासात बूच लावलेली माझी रिकामी पाण्याची बाटली चेपून सपाट झाली होती. बाबांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. बॅगा यायला वेळ होता. म्हणाले, "हं, आता ते नळ्यांचं परत सांग. अमोनिया वर जातो, मग?"