किल्ली ठेवायची कुठे?

खिडकीची रुंदी, अक्षरांचा आकार, डार्क मोड चालू की बंद, असल्या सेटिंग्ज साध्या फाइलीत पडून राहिल्या तरी कुणाचं काही बिघडत नाही. एकच पथ्य: जुन्या फाइलीवर थेट लिहायचं नाही. नवी पूर्ण लिहून, डिस्कवर पोचल्याची खात्री करून मग तिला जुनीचं नाव द्यायचं. नाहीतर मध्येच वीज गेली की हाती रिकामी फाइल.

खरं घोडं अडतं ते पासवर्डपाशी.

पिजिन हा चॅटचा जुना प्रोग्राम पासवर्ड एक्सएमएल फाइलीत चक्क वाचता येईल असा लिहून ठेवायचा. लोक चिडले, पण बनवणारे ठाम राहिले. न विचारता लॉगिन व्हायचं तर पासवर्ड उलगडण्याची सोयही त्याच डिस्कवर लागणार. म्हणजे कुलूप लावून किल्ली शेजारच्याच खिळ्याला टांगायची. मुद्दा बिनतोड आहे. निदान फाइल बघणाऱ्याला खोटा दिलासा तरी मिळत नाही. फाइली पाठवणाऱ्या फाइलझिलाने पासवर्ड बेस-६४ या साध्या लिपीत ठेवले, ते कुणालाही क्षणात उलटवता येतात. २०१७ साली तिथे मास्टर पासवर्ड आला आणि किल्ली डिस्कवरून उठून माणसाच्या डोक्यात गेली.

रोज डोक्याला ताप नको म्हणून हे काम ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवतात. विंडोज २०००पासून असलेली डीपीएपीआय माणसाच्या लॉगिनशी बांधलेल्या किल्लीने मजकूर गुप्त करते. डिस्क चोरीला गेली तर चोराच्या हाती नुसता गिचमिड मजकूर. पण त्याच माणसाच्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्राम तो उलगडून मागू शकतो, आणि ब्राउझरमधल्या कुकी चोरणाऱ्या व्हायरसांनी नेमकं तेच केलं. म्हणून जुलै २०२४मध्ये क्रोम १२७ने विंडोजवर कुकींसाठी वेगळी सेवा नेमली. मागणारा क्रोमच आहे ना, हे ती आधी तपासते. मॅकची कीचेन ही पासवर्डांची तिजोरी कुठलं अ‍ॅप मागतंय हे पूर्वीपासून बघते. लिनक्सवर कीरिंग ही तशीच तिजोरी नसेल तर मात्र हाच क्रोम 'पीनट्स' या सोर्स कोडमध्येच लिहिलेल्या शब्दावर भागवत आला आहे. शेंगदाण्यांवर तिजोरी!

कीरिंगच नसलेल्या सर्व्हरवर काय करायचं? कोड सांभाळणाऱ्या गिटचा स्टोअर हेल्पर पासवर्ड उघडाच लिहितो आणि कागदपत्रांत तसं बजावतोही. कॅशे हेल्पर डिस्कला हातच लावत नाही. मेमरीत ठेवतो आणि १५ मिनिटांनी विसरतो. दिवसभर पुश करणारा दुपारपर्यंत वैतागून ती मुदत आठ तासांवर नेतो.