साल असलेलं चालेल

मधु दंडवते 1977 साली रेल्वेमंत्री झाले आणि मग दुसऱ्या वर्गाच्या बाकांवर फोम यायला लागला. आमचा नागपूरचा सगळा प्रवास त्याआधीचा, लाकडी फळ्यांवरचा. दर मे महिन्यात मुंबईहून आजोळी, आठशेवर किलोमीटर. गाडी मिळेल त्या स्टेशनावर थांबणारी. आई-बाबा, आजी आणि आम्ही चार भावंडं, म्हणजे सात तोंडं. त्यांना पुरेल एवढं बाहेरचं खाणं विकत घ्यायचा विचारसुद्धा कुणाच्या डोक्यात येत नसे. तुमच्याही घरी फार वेगळं नसणार.

काय कधी संपवायचं हे आईचं आधीच ठरलेलं असे. पहिल्या रात्री पोळ्या आणि बटाट्याच्या काचऱ्या, कारण त्या उकाड्यात सकाळपर्यंत टिकणार नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दशम्या, लसणीची कोरडी चटणी आणि कैरीच्या लोणच्याची एकेक फोड. दशमी पाण्याऐवजी दुधात मळलेली असते, म्हणून ती मऊ राहते आणि टिकते. आजीला ती चालायची ती सोवळ्याच्या हिशेबाने. पाण्यात मळलेली पोळी तिने प्रवासात कधी तोंडात घातली नाही, पण दशमीला तिची हरकत नसे. धर्म आणि टिकाऊपणा यांचं इतकं छान जमलेलं मी पुढे फार ठिकाणी पाहिलं नाही.

आईची खरी करामत दहीभातात होती. निघायच्या आधी मऊ भातात कोमट दूध भरपूर घालायचं आणि वर फक्त चमचाभर दही. डब्यात भरताना तो दूधभातच असे. रात्रभर गाडी धडधडत असताना आत दही लागत जाई आणि दुपारी अकोल्याच्या आसपास डबा उघडला की गोड, घट्ट दहीभात. निघतानाच दही कालवलं असतं तर तो जळगावच्या आधीच आंबला असता. संध्याकाळी सातूचं पीठ: गहू आणि डाळं भाजून दळलेलं, त्यात गूळ आणि पाणी. चूल नको, स्टोव्ह नको. आम्हाला ते अजिबात आवडत नसे.

पाणी फिरकीच्या तांब्यात. तो भरायला बाबा फलाटावर उतरले की गाडी सुटणार या भीतीने आजी विठ्ठलाचं नाव घ्यायला लागे. बाबा मात्र मुद्दाम रमतगमत येत.

आमची खरी परीक्षा इगतपुरीला. कसाऱ्याला मागून जोडलेली इंजिनं गाडीला ढकलत घाट चढवत आणि वर आल्यावर ती सुटेपर्यंत गाडी तिथे चांगली रेंगाळे. खिडकीखालून "वडाऽऽ गरम वडाऽऽ" जात राही. समोरच्या बाकावरचं कुटुंब पाच-सहा वडे घेई आणि आम्ही काचऱ्या चिवडत बसायचो. तेव्हा आईचा मनापासून राग यायचा. पोळ्यांचा डबा लोकांसमोर उघडायचीसुद्धा लाज वाटे, हे आज लिहिताना जरा चमत्कारिक वाटतं. कारण सकाळपर्यंत त्याच समोरच्या बाईंनी आमची दशमी मागून घेतलेली असे आणि आम्हाला त्यांचे थेपले मिळालेले असत.

बाहेरच्या खाण्याच्या नियमाला एकच पळवाट होती. "साल असलेलं चालेल," आई म्हणायची. सालीच्या आत कुणाचा हात लागलेला नसतो, हा तिचा शोध. म्हणून भुसावळला केळी, डझनाच्या भावाने घासाघीस करून. भुईमुगाच्या शेंगा मिळाल्या तर त्याही. मग फळीखाली सालींचा ढीग आणि त्यावरून भांडण. धाकट्याने एकदा वाद घातला होता की वड्यालाही बेसनाचं साल असतंच. बाबा इतके हसले की आता वडा मिळणार असं आम्हाला वाटलं. मिळाला नाही.

इगतपुरीचा वडा मी पहिल्यांदा खाल्ला तो नोकरी लागल्यावर, स्वतःच्या पैशांनी, दोन. थंड होते.